झाकून ठेवलेली वाटी

"काहून?"

पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची, तशीच हवेत धरायची आणि विचारायचं, काहून? आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी हा शब्द उच्चारत असेल. कच्चा कांदा डोळ्यांना झोंबतो, मग शिजल्यावर गोड लागतो, काहून? पुरी तेलात टाकली की आधी बुडते, मग वर येते, काहून? उत्तर मिळालं तर मान हलवायची आणि नाही मिळालं तर पळी पुन्हा आपटायची. नागपूरकडे 'का'ला 'काहून' म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण तिच्याइतक्या मनापासून तो शब्द उच्चारणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही ते फक्त हजेरीपुस्तकात होतं. सगळ्या मुली तिला मावशी म्हणत, मुख्याध्यापिकाबाई मावशी म्हणत, आणि तिच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईही मावशीच म्हणे. पन्नाशीची, काटक, कपाळ मोठं. लुगड्याचा पदर कमरेला खोचला की तो संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही.

नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडे ही मुलींची शाळा होती आणि तिला जोडून वसतिगृह. मी तिथे शास्त्र शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. साठीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. पन्नासेक मुली. बहुतेक छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांतल्या, काही काटोलकडच्या शेतकरी घरांतल्या. शाळेची एक पद्धत होती, आणि शाळा काढणाऱ्यांनी ती मुद्दाम घालून दिलेली होती. दुपारचं जेवण शिक्षिकांनी मुलींच्या पंगतीत बसून घ्यायचं. स्वयंपाक मावशीचा.

मी महाल या जुन्या वस्तीतून सायकलने यायची. आईने पहिल्याच दिवशी डबा हातात दिला आणि तिथलं काही तोंडात घालू नकोस म्हणून बजावलं. कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण आम्हा दोघींना ते माहीत होतं. सगळं आईवर ढकलणं आज सोपं आहे. पण आई काही शाळेत येऊन बसत नव्हती. पंगतीच्या वेळी शिक्षकखोलीत एकटीने तो डबा मीच उघडत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला आम्लपित्ताचा त्रास आहे, घरचंच पथ्याचं लागतं. पोट माझं दगड पचवणारं होतं. शास्त्राची पदवी घेतलेली मुलगी मी, अन्नात काय असतं आणि काय नसतं हे मला पक्कं माहीत होतं, तरी हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या डब्याशेजारी एक वाटी होती, वर ताटली झाकलेली. आत ज्वारीची आंबील. ताकात आंबवलेलं पीठ शिजवून केलेली, जिरं घातलेली, तिखटाचा कण नाही. दारात मावशी उभी होती. "पोटाले थंड पडते जी बाई," एवढंच म्हणून ती गेली. मी वाटी उचलली, मागच्या दाराने निघाले आणि पेरूच्या झाडाखाली ओतली. रिकामी वाटी परत देताना छान झाली होती असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी आली. त्यानंतर ती रोज येतच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, मग हिची नि तिची गाठ पडली कुठे? ती पडली हळदीमुळे.

शाळेला प्रयोगशाळा नव्हती. एक कपाट होतं, त्यात दोन परीक्षानळ्या, त्यांपैकी एक तडकलेली. मी फळ्यावर आम्ल आणि अल्क शिकवत होते आणि मुली खाली मान घालून उतरवून घेत होत्या. तेवढ्यात मावशी ओला सदरा घेऊन वर्गाच्या दारात आली. कुणाच्या तरी गणवेशावर वरणाचा पिवळा डाग पडला होता, साबण लावल्याबरोबर तो लाल झाला. असा तो दर वेळी होतो, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या दिवशी विचारायला माणूस सापडलं होतं. तिने वर्ग चालू आहे की नाही हे पाहिलं नाही. "काहून होते जी असं?"

मी फळा सोडला. सगळा वर्ग स्वयंपाकघरात नेला. पेल्यात हळदीचं पाणी केलं, त्यात खायचा सोडा टाकला, पाणी लाल झालं. वरून लिंबू पिळलं, फसफसलं आणि पुन्हा पिवळं झालं. मुली पुढे झुकल्या होत्या, पण सगळ्यांच्या पुढे मावशी होती. तिने मला तेच तीनदा करायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः केलं. आंबट ते आम्ल, ते मारतो तो अल्क, एवढं तिने तिथल्या तिथे धरलं.

धडा रंगला होता, म्हणून मी पुढे सांगितलं की पोटातही असंच आम्ल असतं, ते वाढलं की जळजळ होते आणि चिमूटभर सोडा ते मारतो. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पण घेता काय सोडा?" माझ्या आम्लपित्ताची कीर्ती तोवर वसतिगृहभर झाली होती. मी म्हटलं, हो, घेते ना, लगेच बरं वाटतं. तेवढं बोलून मी हात धुतले. मावशी पेला उजेडाकडे धरून बघत होती.

त्या दिवसापासून आमचा शास्त्राचा तास आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघरात भरू लागला. खरं सांगायचं तर तो मी घेत नव्हते. मावशी विचारायची, मी उत्तर द्यायची, मुली मधोमध बसून दोघींचं ऐकायच्या. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नळाच्या पाण्यात शिजते, काहून? यावरून जड पाणी शिकवून झालं, आणि कोणत्या विहिरीचं पाणी किती जड हे मावशी नुसत्या डाळीवरून सांगते हेही कळलं. काटोलहून कुणाचे वडील भेटायला आले की संत्र्यांची टोपली यायची. मावशी साल चुलीसमोर दाबायची, ज्वाळा तडतडायची आणि मुली सालीतलं तेल कधी विसरायच्या नाहीत. आंबिलीत मीठ मागून टाकायचं, आधी टाकलं तर नीट आंबत नाही, हे मावशीला आईकडून माहीत होतं. ते सूक्ष्म जिवांचं काम आहे आणि मिठाने ते जीव मरगळतात, हे मी सांगितलं. ती बराच वेळ पिठाच्या भांड्याकडे पाहत राहिली. मग मुलींना म्हणाली की पीठ झाकताना आदळू नका, आत माणसं हायेत.

पुस्तकी शब्दांवर तिचा फार जीव. 'बाष्पीभवन' हा शब्द तिला इतका आवडला की भाताचं झाकण उचलताना ती तो पाहुण्याला हाक मारावी तसा म्हणायची. 'किण्वन' मात्र तिला पटलं नाही. आपलं आंबणं असताना त्याला असलं नाव कशाला, असं तिचं म्हणणं. आणि मलाही तिने गप्प केलं. माझ्या पुस्तकात पाण्याला एकच उकळणं होतं. तिच्याकडे आधण वेगळं, खळखळणं वेगळं, डाळीचं रटरटणं वेगळं, आमटीचं खदखदणं वेगळं, आणि प्रत्येकाला आच वेगळी. मुलींनी ते सगळे शब्द वहीत लिहिले. गावाकडून आलेल्या या पोरी आपली बोली हसण्यावारी जाईल म्हणून वर्गात तोंड उघडत नसत. त्या स्वयंपाकघरात बोलू लागल्या, मग वर्गात बोलू लागल्या, मग लिहू लागल्या. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं शिकवलेलं नाही, आणि त्यातलं निम्मं माझं नव्हतं.

मावशीला मात्र लिहितावाचता येत नव्हतं. छप्पन साली ती पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती, कडेवर पोर घेऊन. त्या दिवसानंतर घरातले देव गेले, जुनी कामं सुटली, मुलगा शाळेत गेला. तिचं स्वतःचं अक्षर तेवढं राहून गेलं. हे ती कधी रडून सांगायची नाही, पण दर काही दिवसांनी सांगायची. शेवटी मुलींनीच मनावर घेतलं. फडताळातल्या डब्यांवर कागद चिकटवले: मीठ, साखर, हळद, तूरडाळ. मावशी रोज स्वयंपाक करता करता डबे वाचायची. पहिले काही महिने ती डब्याच्या जागेवरूनच सांगत असणार, असा माझा समज होता.

एकदा मुलींनी खोडी काढली. मिठाचा नि साखरेचा कागद बदलला आणि दाराआड उभ्या राहिल्या. मावशीने मिठाचा डबा काढायला हात वर नेला आणि तो तसाच थांबला. तिने कागदावर बोट ठेवलं, हळूहळू सरकवलं. मग मागे न बघता म्हणाली, "मिठाच्या डब्यावर साखर काहून लिहिली वं?" मुली हसत बाहेर आल्या तर मावशी खाली बसलेली आणि डोळ्यांना पदर लावलेला. आपण खरंच वाचलं, हे तिलाच तेव्हा कळलं होतं. त्या दिवशी मुलींना शिरा मिळाला. एक वाटी माझ्यासाठीही आली. ती मी ओतली नाही, शिपायाला दिली. तेवढंच माझं सुधारणं.

हे असं दोन वर्षं चाललं. रोज तिच्या शेजारी उभं राहायचं, तिच्या हातचं पीठ नाकाशी नेऊन मुलींना त्याचा आंबूस वास समजावून सांगायचा, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जाऊन आपला डबा उघडायचा. मला स्वतःची लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती. पण खोटं एकदा अंगवळणी पडलं की ते मोडायला निमित्त लागतं, आणि मी ते शोधत नव्हते.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात मावशीचे प्रश्न बदलले. सोडा घेतला की जळजळ जाते, मग दोन घंट्यांनी परत काहून येते? आम्ल रिकाम्या पोटीच जास्त काहून? मला वाटलं, ही माझं खोटं उकरून काढते आहे. मी चिडले. मुलींसमोरच म्हटलं, "मावशी, पथ्य पाळलं नाही तर येणारच ना परत. त्यात विचारायचं काय?" ती "हो जी" म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्या तासाला पळी पुन्हा वाजली नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि बरंच झालं, असं मला वाटलं.

ती वाळत चालली होती. मुली म्हणायच्या, मावशी जेवत नाही. मी विचारलं तर म्हणायची, रांधता रांधताच पोट भरते. दिवाळीनंतर एका सकाळी ती भाकरी थापताना चुलीपुढे कलंडली आणि काळपट रक्त ओकली. मी आणि शिपायाने तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतं. दीड वर्ष झालं म्हणाली. काय घेत होतात? "सोडा." कुणी सांगितला? मी तिच्या पायाशी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शाळेत शिकलो जी," ती म्हणाली, आणि शाळा म्हणताना तिचा आवाज जरा वर गेला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, पुढे गेलेली आहे, आता करण्यासारखं फार नाही. सोड्याने दुखणं झाकलं जात राहिलं, आधी आली असती तर गोष्ट वेगळी होती. मी व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं आणि तिथेच बराच वेळ उभी राहिले.

रोज शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. तिचा मुलगा कामावरून येईपर्यंत आम्ही दोघीच असायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी मला राहवलं नाही.

"मावशी, माझं पोट कधीच दुखत नव्हतं."

"मालूम हाय जी."

"कधीपासून?"

"पयल्याच हप्त्यापासून. पोट जळणारं माणूस डब्यात लाल लोणचं नाही आणत. अन् त्या पेरूखाली रोज दुपारीच चिमण्या काहून येतात, म्हून जाऊन पाह्यलं म्या."

मी विचारलं, मग रोज वाटी का ठेवत होतात? ती म्हणाली, एखाद्या दिवशी बाई डबा विसरतील, भूक लागेल, तेव्हा समोर काहीच नव्हतं असं व्हायला नको.

मी रडत होते. रडण्याचा हक्क मला नव्हता, पण तेव्हा ते सुचलं नाही. मी विचारलं, मी खोटं बोलते हे ठाऊक होतं, तर सोडा का घेतलात माझं ऐकून?

"पोट खोटं होतं जी बाई. सोडा तं खरा होता. हळद लाल झाली, ते म्या माझ्या डोयानं पाह्यलं." मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "शिकवलं ते बराबरच होतं तुमचं."

त्यानंतर ती तीन आठवडे होती. शेवटी शेवटी तिला पाणीही जात नव्हतं. खाटेजवळच्या औषधांच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवत असे, कारण इंग्रजी अक्षर तिला येत नव्हतं आणि ते शिकायचं राहिलं म्हणून ती हळहळली होती. पौष महिन्यात ती गेली. मुली पांढरे गणवेश घालून रांगेने तिच्या वस्तीत गेल्या. मी रांगेच्या शेवटी होते.

वसतिगृहात नवी स्वयंपाकीण येईपर्यंत मोठ्या मुली आळीपाळीने रांधू लागल्या. एका रविवारी फडताळ आवरायला मी त्यांच्याबरोबर गेले. चुलीमागच्या कोपऱ्यात वरच्या फळीवर एक लहान डबा होता. बाकीच्या डब्यांवरची अक्षरं मुलींची, वळणदार. यावरची वेगळी होती, मोठी, वाकडी, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली: बाईचं पीठ. आत वस्त्रगाळ केलेलं ज्वारीचं पीठ, वर कडुलिंबाचा पाला. ते तुमच्यासाठी मावशी वेगळं चाळून ठेवे, असं एका मुलीने सांगितलं. दोन वर्षं मी त्या स्वयंपाकघरात शिकवलं आणि तो डबा मला दिसला नव्हता.

मी ते पीठ ताकात कालवलं आणि झाकून ठेवलं. झाकण आदळलं नाही. थंडी होती, आंबायला दीड दिवस लागला. मंगळवारी मी शाळेत डबा आणला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आंबील शिजवली, मीठ मागून टाकलं, वाटीत घेतली आणि मुलींच्या पंगतीत जाऊन बसले. पंगत जराशी थांबली. शेजारी पाचवीतली एक मुलगी होती, काटोलकडची. तिने माझ्या वाटीत पाहिलं.

"बाई, पोट बरं झालं काय तुमचं?"

"पोट मला कधी दुखतच नव्हतं," मी म्हटलं.

तिने घास हातात तसाच धरला आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "मंग खात काहून नव्हत्या?"

साऱ्या जगाला काहून विचारणाऱ्या मावशीने हा एक प्रश्न मला कधीच विचारला नव्हता. दोन वर्षं रोज तो तिच्या ओठांशी आला असेल आणि दोन वर्षं रोज तिने त्याच्यावर ताटली झाकून वाटी माझ्यासमोर ठेवली होती.

मी त्या मुलीला खरं उत्तर दिलं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. मग वाटी तोंडाला लावली. आंबील गार झाली होती. पोटाला ती थंडच पडते.